स्कोअरशीटवर न दिसणारा माणूस

मागच्या सेमला आमच्या हॉस्टेलच्या बास्केटबॉल टीममधून माझ्या रूम-पार्टनरला काढलं. कारण विचारलं तर उत्तर आलं, "अरे, चार मॅचमध्ये नऊ पॉइंट! असा प्लेअर काय चाटायचाय?" स्कोअरशीट खरंच तसं सांगत होतं. पण हा गडी कोर्टवर असला की टीम पुढे जाते आणि तो बाहेर बसला की लीड वितळते, हे मी चारही मॅच बाकावर बसून पाहिलं होतं. (बाकावर बसणं हीच माझी बास्केटबॉलमधली कारकीर्द.) तेव्हा हा लेख त्या रागातून आला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मोजायला सोपं तेच आपण मोजतो. एनबीएसुद्धा याला अपवाद नाही. तिथे स्टील आणि ब्लॉक यांची अधिकृत नोंद सुरू झाली १९७३-७४च्या सीझनपासून. बिल रसेल त्याआधीच, १९६९ साली, निवृत्त झाला होता. तेरा सीझनमध्ये अकरा वेळा चॅम्पियन झालेला, डिफेन्ससाठी दंतकथा बनलेला माणूस, आणि त्याच्या नावावर अधिकृत ब्लॉक किती? नोंदच नाही!

बरं, नोंदी झाल्या तरी कशाला किती वजन द्यायचं? २००६ साली डेव्हिड बेरी आणि त्यांच्या दोन सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी 'द वेजेस ऑफ विन्स' हे पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा साधा. एक पॉइंट, एक रिबाउंड, एक स्टील यांची किंमत साधारण सारखी, आणि वाया घालवलेला प्रत्येक शॉट किंवा टर्नओव्हर म्हणजे तेवढंच नुकसान. ढोबळमानाने सीझनभरात तीस पॉइंटचा फरक म्हणजे एक जादा विजय. या हिशोबात ॲलन आयव्हरसनची पंचाईत होते. २०००-०१ मध्ये तो एमव्हीपी होता, मॅचला सरासरी ३१.१ पॉइंट. पण त्यासाठी तो मॅचमागे पंचवीसेक शॉट मारायचा आणि त्यातले ४२ टक्केच आत जायचे. उलट डेनिस रॉडमन! १९९५-९६ मध्ये शिकागो बुल्सने ८२ पैकी ७२ मॅच जिंकल्या तेव्हा त्याची सरासरी जेमतेम साडेपाच पॉइंटची, पण रिबाउंड जवळजवळ पंधरा. बेरींच्या गणितात तो हिरा ठरतो.

मला हे गणित अर्धंच पटतं. रॉडमनने घेतलेला प्रत्येक रिबाउंड तो नसता तर समोरच्या टीमलाच मिळाला असता का? काही तर शेजारी उभ्या असलेल्या आपल्याच प्लेअरने उचलले असते. आणि आयव्हरसनने शॉट नाही मारले तर ते मारणार कोण? चोवीस सेकंदांत कुणालातरी मारायलाच लागतो, आणि बाकीच्यांचा नेम त्याच्यापेक्षा बरा असेलच असं नाही.

म्हणून दुसरी पद्धत मला जास्त आवडते, प्लस-मायनस. प्लेअरने काय केलं ते बघूच नका. तो कोर्टवर असताना आपण किती पॉइंट केले आणि किती खाल्ले, तेवढं लिहा आणि वजाबाकी करा. बस्स. ह्यूस्टन रॉकेट्सचा शेन बॅटिये हे याचं गाजलेलं उदाहरण. मायकेल लुईस यांनी २००९ मध्ये त्याच्यावर मोठा लेख लिहिला होता. कारकिर्दीची सरासरी ८.६ पॉइंट, म्हणजे आमच्या निवड समितीने त्यालाही घरी पाठवलं असतं! पण तो आला की टीम सुधारायची. कोबी ब्रायंटचा शॉट ब्लॉक करायला तो उड्या मारत बसायचा नाही. कोबीला जिथून शॉट मारणं सर्वात कमी फायद्याचं, तिकडे त्याला ढकलायचा आणि शॉटच्या वेळी हात त्याच्या डोळ्यांपुढे धरायचा. हे कुठल्या कॉलममध्ये लिहिणार?

आता कुणी म्हणेल, की चांगल्या चार जणांबरोबर खेळलं तर कुणाचाही प्लस-मायनस चांगला येईल. बरोबर आहे. त्यावर उपाय म्हणजे आपलं एम-थ्रीचं भूत. कोर्टवरचे दहा जण बदलेपर्यंतचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक समीकरण, प्रत्येक प्लेअर एक अज्ञात, आणि सगळं मिळून लीस्ट स्क्वेअर्स. दोघं कायम जोडीनेच खेळत असतील तर त्यांचे कॉलम जवळपास सारखे होतात आणि उत्तरं वेड्यासारखी उडतात, एकाला उगाच प्लस वीस, दुसऱ्याला मायनस अठरा. मग मोठ्या उत्तरांना दंड लावणारं रिज रिग्रेशन वापरतात. केटी लागलेल्यांनी घाबरू नये, हे काम कॉम्प्युटर करतो.

आमच्या चार मॅचमधून असलं काही निघणार नाही, हे मलाही कळतं. चार मॅचचा प्लस-मायनस म्हणजे नशिबाचा खेळ. पण मग चार मॅचचे नऊ पॉइंट म्हणजे तरी वेगळं काय? त्या आकड्यावर एकाला घरी बसवताना कुणाला शंका आली नाही. रूम-पार्टनर स्वतः काही बोलला नाही. संध्याकाळी कोर्टवर जायचा, तेवढं त्याने बंद केलं.

म्हणून या सीझनला मी वही घेऊन बसणार आहे. कोण कधी आत गेला, कधी बाहेर आला आणि तेव्हा स्कोअर काय होता, एवढंच लिहायचं. स्पोर्ट्सच्या सरांना विचारलं, ते म्हणाले, "लिहा, पण निवड मीच करणार." चालेल सर! फक्त सीझन संपल्यावर वही एकदा बघा. बदली एकदम तीन जणांची झाली की माझा एकट्याचा गोंधळ उडतो, म्हणून वेळ लिहायला आणखी एक जण हवाय. ज्याला रस असेल त्याने रात्री मेसनंतर कॉमन रूममध्ये भेटावं. चहा माझ्याकडून.