नंबर असलेला वारसा

गेल्या महिन्यात एकाच शनिवारी दोन फोन आले.

पहिला गाण्याच्या क्लासमधल्या मित्राचा. "बाईंच्या क्लासची सगळी गँग भेटतेय. तू मारुंजीत राहतोस ना? मग हिंजवडीत एखादं हॉटेल तूच बघ." (आयटीवाल्यांना सगळी हॉटेलं माहीत असतात, हा एक गोड गैरसमज. आम्हाला फक्त कॅन्टीन माहीत असतं.)

दुसरा वाईहून, बाबांचा. "माझ्याकडे परवाना येऊन पंचवीस वर्षं झाली. नियमाप्रमाणे आता वारसाच्या नावावर करता येतो. आजोबांची रायफल तू घे."

मी "बघतो" म्हणालो. आमच्या घरात "बघतो" म्हणजे नाही, हे बाबांना माहीत आहे.

आजोबा गेले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. त्यामुळे माझ्यासाठी आजोबा म्हणजे भिंतीवरचा फोटो, कपाटातली रायफल आणि बिबट्याची गोष्ट. शेतात बिबट्या आला आणि आजोबांनी एका गोळीत आडवा केला, ही गोष्ट प्रत्येक लग्नात कोणीतरी सांगतंच. म्हटलं, नाही म्हणायच्या आधी निदान माहिती तरी काढू. डीबगिंगची सवय, दुसरं काय!

पुढच्या रविवारी वाईला गेलो आणि बाबांबरोबर रायफल बघितली. नळीवर तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केल्याची खूण होती. ही बीएसएची, म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्सची. तीच सायकल आणि मोटरसायकलवाली बीएसए. शेजारी मुकुट आणि खाली बीपी, बीव्ही, एनपी अशी अक्षरं. बर्मिंगहॅमच्या तपासणी केंद्राचे हे शिक्के १९०४ पासूनचे, म्हणजे रायफल त्यानंतरची. बोअर ३१५. इंग्रजांच्या सैन्याची ३०३ होती. सैन्याची काडतुसं खासगी बंदुकीत चालू नयेत म्हणून हिंदुस्थानात लोकांना वेगळ्या बोअरच्या रायफली विकत. एका लोखंडी नळीत सरकारचा अख्खा अविश्वास कोरलेला!

मग आजोबांचं परवान्याचं जुनं पुस्तक निघालं. त्यात रायफलचा नंबर, कारण "पीकसंरक्षण", दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा केल्याच्या पावत्या, आणि काडतुसांच्या खरेदीच्या नोंदी. सगळ्या नोंदी एका पानात मावल्या. शेवटची नोंद बिबट्याच्या गोष्टीच्या कितीतरी आधीची. बाबा हसले. म्हणाले, "बिबट्या होता रे. पण तो हवेत बार काढल्यावर पळाला. पुढचं मामांनी वाढवलं."

मला खरंच मजा वाटली. ज्या माणसाचा आवाजही मला आठवत नाही, त्याचा हिशोब एका नंबरामुळे माझ्यापर्यंत पोचला.

बंदुकीचा माग काढता येतो हे नवीन नाही. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या. त्या ब्राउनिंग पिस्तुलाचा माग थेट लंडनपर्यंत गेला आणि मार्च १९१० मध्ये तिथे सावरकरांना अटक झाली. पण त्याच नाट्यगृहात त्या वर्षांत जे गाणं झालं, ते कोणी कोणाकडून घेतलं आणि पुढे कोणाला दिलं? त्याचं पुस्तक कुठल्या कलेक्टर कचेरीत असणार?

हे डोक्यात घेऊनच मी गेटटुगेदरला गेलो.

फार छान झालं. एक टोरांटोला, एक बंगळूरला, एकीला जुळं झालंय, एकाच्या फ्लॅटचं पझेशन रखडलंय. पगार, ईएमआय, पोटाचा घेर, सगळ्याचे अपडेट झाले. तीन तासांत एकाही माणसाने एकही प्रश्न विचारला नाही : गाणं चालू आहे का? मीही नाही विचारला. कारण मग मलाही उत्तर द्यावं लागलं असतं. मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिलेला मी, शेवटचा सा कधी लावला ते आठवत नाही.

ज्या परीक्षा आम्ही दिल्या, त्यांच्यामागेही एक गेटटुगेदरच आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. लहानपणी दारूकामात त्यांचे डोळे अधू झाले, म्हणून शाळा सुटली आणि ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ऑगस्ट १९३१ मध्ये ते गेले. त्याच वर्षी त्यांचे शिष्य एकत्र आले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं राहिलं. पुढच्या वर्षी विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात विद्यालय सुरू केलं. त्या मंडळींनाही संसार होते, पैशांची ओढाताण होती. पण गुरूने जे दिलं त्याचं आता काय करायचं, हा प्रश्न त्यांनी एकमेकांना विचारला.

माझं म्हणणं एवढंच आहे. रायफलच्या बाबतीत सरकार विचारतं : वस्तू कुठे आहे? वारस कोण? कशासाठी हवी? धारक गेला तर घरच्यांना ती विनाकारण उशीर न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, मग पुढचं. कटकट वाटते, पण त्या कटकटीमुळेच ती वस्तू हरवत नाही. गाण्याला नंबर नाही. ते हरवलं तर पंचनामा होत नाही. आणि आपण अशा वस्तूवरून भांडतो जिची आपल्याला गरज नाही, पण जे आपल्याला खरंच मिळालंय ते गुपचूप सोडून देतो.

मग मी बाबांना स्पष्ट सांगितलं. मारुंजीच्या टू-बीएचकेमध्ये मला कुठलंही पीक राखायचं नाही. "कशासाठी हवी" या रकान्यात माझ्याकडे खरं उत्तर नाही. निव्वळ मिरवायला बंदूक ठेवू नये असं मला वाटतं. तुम्ही आहात तोवर ठेवा, नंतर रीतसर विकू किंवा सरकारजमा करू. परवान्याचं पुस्तक मात्र मला द्या.

बाबा दोन दिवस बोलले नाहीत. बाबांना वाईट वाटलं होतं आणि ते चूक नव्हतं. तिसऱ्या दिवशी फोन आला. "पुस्तक ने. आणि माळ्यावरची तुझी पेटी पण ने. जागा अडते."

पेटीचा भाता फाटलाय आणि दोन सूर बोलत नाहीत. दुरुस्तीला टाकलीय. क्लासच्या ग्रुपवर मी एक मेसेज टाकलाय : पुढच्या वेळी प्रत्येकाने बाईंकडून शिकलेली एक चीज म्हणायची, जशी येईल तशी. अजूनपर्यंत दोन अंगठे आणि एक "अरे बापरे" आलंय.

असो. सुरुवात वाईट नाही.