बटण दाबल्याने इंजिन बदलते का?

सातपूरचा महिंद्राचा मोटार कारखाना नाशिककरांना नवा नाही. २०२४ साली बाजारात आलेली 'एक्सयूव्ही ३एक्सओ' नाशिकलाच तयार होते. तिच्या स्वयंचलित गियरच्या काही पेट्रोल गाड्यांत झिप, झॅप आणि झूम असे तीन मोड आहेत. नावे गमतीची खरी, पण घोटाळा तिथूनच सुरू होतो. झूम निवडले की इंजिनाला जादा घोडे जुंपले जातात, अशी पुष्कळांची समजूत असते.

तसे मुळीच होत नाही. इंजिनाची कमाल ताकद कारखान्यातच ठरलेली असते. बदलतो तो तुमच्या पायाच्या हुकुमाचा अर्थ! जुन्या पेट्रोल मोटारीत अ‍ॅक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत तार जाई. पाय जेवढा दाबाल तेवढी हवेची झडप उघडे. आता पेडलपाशी संवेदक असतो. पाय किती दाबला हे तो संगणकाला कळवतो आणि झडप किती उघडायची ते संगणक ठरवतो. काटकसरीच्या मोडमध्ये तो हात आखडता घेतो, वरचा गियर लवकर टाकतो. जोरकस मोडमध्ये थोड्याशा दाबालाही झडप अधिक उघडते आणि खालचा गियर जास्त वेळ टिकतो.

आता कसारा घाट उतरताना काय होते ते पाहू. इंधन वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे महाभाग अजून भेटतात. वास्तविक आजची गाडी गियरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की संगणक बहुधा इंधन बंदच करतो. मग चाकेच इंजिनाला फिरवतात आणि वेगाला लगाम बसतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतेच, शिवाय सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक फार तापले की त्यांची पकड सुटू लागते. तिथे कुठलाही मोड कामाला येत नाही. खालचा गियरच हवा. शिवाय वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते. हे गणित झिपमध्ये आणि झूममध्ये एकच!

माझ्या मते वाहन परवान्याच्या परीक्षेत या मोडविषयी आणि घाटातल्या गियरविषयी प्रश्न असलेच पाहिजेत. तोवर गाडीच्या कप्प्यात कोरे करकरीत पडलेले माहितीपुस्तक तुम्हीच वाचून काढा. उतारावर गाडी कुठल्या गियरमध्ये ठेवणार, हे वडिलांना जरूर विचारा. मात्र घाट लागण्यापूर्वी, इगतपुरीला चहासाठी थांबाल तेव्हा!