ताप एक, राज्ये तीन



काजूचा हंगाम तोंडावर आला की दोडामार्ग-सावंतवाडीच्या गावांत दोन हिशेब सुरू होतात. यंदा भाव काय मिळेल, आणि यंदा ताप येईल का?

हा ताप म्हणजे माकडताप. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम ओळखला गेला. २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यातील पाली गावी, २०१६ साली दोडामार्ग तालुक्यातील केर गावी आणि २०१७ साली बांद्याच्या परिसरात तो आढळला. सह्याद्रीचे हे एकच रान तीन सरकारांनी वाटून घेतले आहे. गोचिडांना ती वाटणी कोणी कळवलेली नाही.

हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. विषाणू गोचिडात असतो. माकड मेले की त्याच्या अंगावरचे गोचीड खाली उतरतात आणि पातेऱ्यात दबा धरतात. डिसेंबर ते मे या काळात बारीक पिल्लू-गोचिडांचा सुळसुळाट असतो, आणि नेमके तेव्हाच आपण काजू वेचायला, पातेरा गोळा करायला रानात असतो. शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात. जुनी लस पुरेशी गुणकारी नसल्याने २०२२ साली बंद झाली. नवी लस सर्वांच्या हाती येईपर्यंत वेळेवर मिळालेली खबर हीच आपली लस.

आणि घोडे अडते ते खबरीपाशीच. मेलेले माकड वनखात्याचे, गुरांवरचे गोचीड पशुसंवर्धनाचे, तापाचा माणूस आरोग्यखात्याचा. राज्ये तीन, प्रत्येकी खाती तीन. म्हणजे नऊ टेबले! दोडामार्गचा रुग्ण उपचाराला गोव्यात बांबोळीला जातो. त्याच्या तपासणीचा निकाल त्याच्या गावच्या आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळायला नको काय? हद्दीपलीकडे माकड मेले, तर अलीकडच्या मजुराला रानात शिरण्याआधी सांगायला नको काय?

हे अशक्य आहे, असे कोणी सांगू नये. तिलारीच्या पाण्यासाठी १९९० साली महाराष्ट्र व गोवा यांनी करार केला, खर्च वाटला, पाणी वाटले. पाणी वाटता येते, तर खबर का नाही?

आमच्या मागण्या साध्या आहेत. दोडामार्ग, सावंतवाडी, सत्तरी आणि लगतच्या कर्नाटकातील तालुक्यांची एकच खबर-वही असावी. गोचीड दूर ठेवणारे अंगाला लावायचे तेल डिसेंबरपूर्वी गावात पोचावे. गुरांची गोचीड-फवारणी हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकाच आठवड्यात व्हावी. नाहीतर इकडची स्वच्छ गुरे तिकडच्या रानातून पुन्हा गोचीड घेऊन येतात.

आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. चौकशीचा ससेमिरा नको म्हणून मेल्या माकडावर माती लोटणारे आपल्यातच आहेत. रोज बुडेल म्हणून ताप अंगावर काढणारेही आहेत. मेल्या माकडाला हात लावू नका, पण गप्पही बसू नका. आपल्या आरोग्य केंद्राला कळवा आणि हद्दीपलीकडच्या गावालाही फोन करा.

सरकारांचा करार होईल तेव्हा होईल. गावागावांचा करार या बैठकीतच करू.