खोकल्याच्या बाटलीआधी दोन शब्द

दिवाळी सरते, ऊसतोडीच्या टोळ्या कृष्णाकाठी येऊन उतरतात, पहाटेचा गारठा वाढतो आणि सातारा-सांगलीतल्या बालरुग्ण विभागांपुढच्या रांगा लांबतात. कऱ्हाड असो, इस्लामपूर असो की मिरज, तक्रार एकच. ‘चार दिवस झाले, खोकला हटत नाही. चांगली बाटली लिहून द्या.’ सोबत आजी असेल तर गेल्या वर्षीची उरलेली अर्धी बाटलीही पिशवीतून निघते. बाटली लिहायला दहा सेकंद लागतात. ती का नको, हे सांगायला पाच मिनिटे. रांग मोठी असली की बाटली लिहून होते आणि सांगायचे राहून जाते.

हे राहून गेलेले सांगणे किती महाग पडते, ते २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिसले. आपल्या विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-खोकल्यासाठी औषध घेतलेली वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यातली अनेक नागपूरच्या रुग्णालयांत उपचार घेत होती. तमिळनाडूत तयार झालेल्या ‘कोल्ड्रिफ’ या औषधाच्या तपासणीत ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. या विषारी द्रव्याची मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. महाराष्ट्रालाही हे विष नवे नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रव्याची भेसळ असलेले ग्लिसरीन दिल्याने चौदा रुग्णांचे प्राण गेले होते आणि त्यावर न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमावा लागला होता.

भेसळ रोखणे हे सरकारी यंत्रणेचे काम आहे आणि त्यात तिला सूट देण्याचे कारण नाही. पण एक प्रश्न यंत्रणेच्या पलीकडे उरतो. ज्या वयात हे औषध मुळात द्यायचेच नव्हते, त्या वयाच्या मुलांपर्यंत ते पोहोचले कसे? क्लोरफेनिरामीन आणि फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच काढला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने पुन्हा बजावले, की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे लिहूच नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत. आदेश निघाले, पण बाटलीवरची बारीक इंग्रजी अक्षरे माण-खटावच्या वस्तीवरच्या आईपर्यंत पोहोचत नाहीत. तिच्यापर्यंत पोहोचतो तो डॉक्टरांचा, नर्सताईंचा आणि आशाताईंचा शब्द.

तो शब्द काय असावा? लहान मुलांचा बहुतेक खोकला विषाणूंमुळे होतो आणि आपोआप थांबतो. त्याला एक-दोन आठवडे लागू शकतात. चौथ्या दिवशी थांबला नाही म्हणजे औषध चुकले असे नव्हे. खोकला ही श्वासनलिका साफ ठेवण्याची शरीराची तजवीज आहे. तान्ह्याला अंगावरचे दूध वरचेवर पाजावे, मोठ्याला कोमट पाणी, पेज, वरण द्यावे. वर्षाच्या पुढच्या मुलाला रात्री अर्धा चमचा मध चालतो. वर्षाच्या आत मध मुळीच देऊ नये. नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात. चुलीचा, विडीचा आणि धुरीचा धूर बाळापासून लांब ठेवावा. उरलेली जुनी बाटली फेकून द्यावी.

याहून महत्त्वाचे आहे ते धोका ओळखणे. बाळ शांत असताना त्याचे झबले वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास असतील, तर तो न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, झटका आला असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा मूल उठवूनही नीट जागे होत नसेल, तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठावा. औषध घेत असलेल्या मुलाची लघवी कमी झाली, तरी तसेच करावे. न्यूमोनियापासून बरेच संरक्षण देणारी पीसीव्ही लस सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत सरकारी केंद्रांवर मोफत मिळते.

घरच्यांना असे शिकवून मुले वाचतात का, ही शंका महाराष्ट्रानेच फेडली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, आयांना शिकवले. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ज्या भेटी देतात, त्या योजनेचे मूळ तिथेच आहे.

डॉक्टरांची अडचण खोटी नाही. बाटली दिली नाही, तर पालक शेजारच्या दवाखान्यात जातात किंवा थेट दुकानातून औषध घेतात. फी घेतली आणि हाती काहीच दिले नाही, असे त्यांना वाटते. म्हणून हाती काहीतरी द्यावेच. ते औषध नसावे, एवढेच. अर्ध्या पानाचा मराठी कागद, त्यावर श्वासांचे तीन आकडे आणि धोक्याच्या खुणा. जतच्या पूर्व भागातल्या गावांसाठी तो कानडीतही हवा. कागद देताना आईलाच विचारावे, ‘घरी गेल्यावर काय बघणार, सांगा बरं.’ तिने सांगितले, की काम झाले.

हे काम खासगी बालरोगतज्ज्ञ, सरकारी रुग्णालय आणि औषध दुकानदार यांनी मिळून केले, तर खर्च कागदापुरताच आहे. कारखान्यांनी ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर लसीकरणाच्या दिवशीच ही माहिती पोहोचवण्याची सोय करावी. तिथली मुले सहा महिने गावापासून, ओळखीच्या आशाताईपासून दूर असतात आणि थंडी त्यांनाच सर्वांत जास्त लागते.

पालकांनीही आपला प्रश्न बदलायला हवा. ‘कोणती बाटली द्यायची?’ याऐवजी ‘औषधाची गरज आहे का आणि परत कधी यायचे?’ एवढे विचारले, तरी डॉक्टरांनाही सांगायला सोपे जाईल.