रक्त न पाहणारा खलनायक

हेरपट म्हटला की वेगवान मोटारी, चमत्कारिक शस्त्रे आणि अजिंक्य नायक ही सामग्री ठरलेलीच. मॅथ्यू व्हॉन दिग्दर्शित ‘किंग्जमन : द सीक्रेट सर्व्हिस’ (२०१४) या ब्रिटिश चित्रपटात ती थट्टेच्या सुरात मांडली आहे. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या प्रसिद्ध गल्लीत, एका प्रतिष्ठित दुकानाआड हेरसंस्थेचा कारभार चालतो. पेढीची पत जितकी जुनी तितके गुपित सुरक्षित, ही कल्पना व्यापारी वाचकास चटकन उमगेल.

अभिनय हे या चित्रपटाचे खरे भांडवल. कॉलिन फर्थ हे संयत भूमिकांचे नट. ‘द किंग्ज स्पीच’मधील राजाच्या भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले. तीच अदब कायम ठेवून ते येथे छत्रीने गुंडांचा समाचार घेतात आणि या विसंगतीचेच हसू येते. गरीब वस्तीतला एग्झी टॅरन एगर्टन यांनी उद्धटपणा व निरागसता यांच्या मिश्रणातून उभा केला आहे. १९६५ च्या ‘द इप्क्रेस फाइल’मध्ये हेर झालेले मायकेल केन येथे संस्थेचे प्रमुख आहेत.

परंतु चित्रपटाचा गाभा सॅम्युएल जॅक्सन यांच्या खलनायकात आहे. व्हॅलेंटाइन हा अब्जाधीश बोबडे बोलतो आणि साऱ्या जगाला सिमकार्डे फुकट वाटतो. फुकटच्या मालाची किंमत अन्यत्र वसूल होते, हे पेठेतल्या माणसास सांगणे नको. त्या कार्डांच्या लहरींनी माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात. असा संहार योजणाऱ्या या गृहस्थास रक्त पाहवत नाही. दिसले तर ओकारी येते. स्वतः गोळी झाडावी लागते तेव्हा तो कासावीस होतो. जॅक्सन यांनी ही शिसारी विनोदी केली, पण खोटी केली नाही.

जुन्नर-आंबेगावच्या वाचकास गनिमी काव्याचा निराळा वारसा ठाऊक आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी रात्री शिड्या लावून जुन्नरचा तट ओलांडला. १६६३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या लाल महालात ते शायिस्तेखानावर स्वतः चालून गेले. दिग्पाल लांजेकर यांच्या ‘फत्तेशिकस्त’मध्ये (२०१९) हाच प्रसंग आहे. चिन्मय मांडलेकर त्यात महाराज झाले आहेत, तर हरीश दुधाडे बहिर्जी नाईक. तेथे बेत आखणारा अंधारात स्वतः पुढे होतो. परिणाम त्याच्या डोळ्यांसमोर घडतो.

‘किंग्जमन’ मात्र शेवटी खलनायकाचीच युक्ती वापरतो. माणसांची मस्तके फुटतात ती आतषबाजीच्या रंगांत. रक्त दिसत नाही, म्हणून प्रेक्षक हसतो. मुलांसमवेत हा चित्रपट पाहू नये, हे त्यामुळेच. मोठ्यांनी पाहावा, पण त्या हसण्याचा हिशेब नंतर मांडावा. कीटकनाशकाची बाटली विकणारा फवारणी पाहत नाही; तारणावर कर्ज देणारा लिलावाच्या दिवशी घरात उभा नसतो. डोळ्यांआड घडलेली हिंसा आपल्या खात्यात नाही, असे व्हॅलेंटाइनलाही वाटत होते.