माघारीचेही शास्त्र असते

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. जुलैतल्या एका रविवारी आमच्या मुलुंडमधील सात-आठ तरुण पहाटे साडेतीनलाच सायकली घेऊन निघाले. ऐरोली, पनवेल, चौक, खोपोली आणि तेथून बोरघाट चढून लोणावळा, असा बेत होता. त्यांत माझा पुतण्याही होता. दुपारी बाराच्या सुमारास मंडळी चिखलाने माखून परतली. चौकशी केली तेव्हा कळले की, घाट कोणीच चढला नव्हता. खोपोलीत पोहोचेपर्यंत पावसाने असा जोर धरला की, दहा पावलांपलीकडचे दिसेना. पायथ्याच्या एका टपरीवर तासभर वाट पाहून त्यांनी सायकली मागे वळविल्या होत्या.

संध्याकाळी सोसायटीच्या आवारात त्यांची यथेच्छ थट्टा झाली. ‘‘घाट चढायला गेला होतात की भजी खायला?’’ असे कोणी विचारले. ‘‘आमच्या वेळी...’’ असे म्हणून कोणी आपल्या तरुणपणीच्या कथा सुरू केल्या. सांगताना संकोच वाटतो, पण हसणाऱ्यांत मीही होतो. पुतण्या रागावला नाही. एवढेच म्हणाला, ‘‘काका, चढता आलं असतं हो. उतरता आलं नसतं.’’

ते वाक्य मनातून जाईना. त्या निमित्ताने सायकल शर्यतींच्या जगात हा प्रश्न कसा हाताळला जातो हे मुद्दाम पाहिले, आणि आपण हसलो ते अज्ञानापोटी, हे लक्षात आले.

गाविया ते इझेराँ

युरोपात तीन-तीन आठवडे चालणाऱ्या सायकल शर्यती होतात. त्यांतील डोंगराळ टप्पे हा प्रेक्षकांच्या दृष्टीने कळसाध्याय. ५ जून १९८८ रोजी इटलीच्या ‘जिरो’ शर्यतीत गाविया या सुमारे २,६०० मीटर उंचीच्या खिंडीत हिमवादळाने स्पर्धकांना गाठले. शर्यत थांबविली गेली नाही. खिंडीच्या माथ्यावर सर्वांच्या पुढे असलेला योहान व्हान डेर व्हेल्डे हा डच खेळाडू उतारावर इतका गारठला की, त्याला आसरा शोधावा लागला आणि तो पाऊण तासाहून अधिक मागे पडला. अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टेनने त्या दिवशी आघाडी मिळविली व पुढे शर्यतही जिंकली. हा दिवस सायकलविश्वात आजही दंतकथेसारखा सांगितला जातो.

आता ३१ वर्षांनंतरचा प्रसंग पाहा. २६ जुलै २०१९. ‘तूर द फ्रान्स’चा आल्प्समधील टप्पा. खेळाडू इझेराँ ही २,७०० मीटरहून उंच खिंड ओलांडून उताराला लागले असताना पुढे गारांचा प्रचंड वर्षाव झाला आणि रस्त्यावर दरड आली. आयोजकांनी टप्पा तेथेच थांबविला आणि इझेराँच्या माथ्यावरील वेळ अंतिम धरली. त्या हिशेबाने कोलंबियाच्या एगान बेर्नालला पिवळी जर्सी मिळाली. दुसऱ्या दिवशीचा १३० किलोमीटरचा टप्पाही ५९ किलोमीटरवर आणला गेला. अवघ्या २२ वर्षांचा बेर्नाल ती शर्यत जिंकला, आणि त्याच्या विजयाला आज कोणीही अर्धवट म्हणत नाही. तत्पूर्वी १९९६ मध्येही बर्फामुळे इझेराँ व गालिबिए या दोन खिंडी वगळून १९० किलोमीटरचा टप्पा ४६ किलोमीटरचा करण्यात आला होता.

येथे पुतण्याच्या वाक्याचा अर्थ उलगडतो. चढावर शरीर तापते, त्यामुळे थंडी जाणवत नाही. मात्र घामाने आणि पावसाने कपडे चिंब होतात. उतार लागला की पाय थांबतात, अंगात उष्णता निर्माण होत नाही आणि साठ-सत्तर किलोमीटरच्या वेगाने वारा अंगावर येतो. बोटे बधिर होतात. ज्या हातांवर ब्रेकचा भरवसा, तेच निकामी होतात. आपल्या बोरघाटात बर्फ नसेल, पण धुके आहे, रस्त्यावर वाहून आलेली माती आहे, वाहनांतून सांडलेले तेल आहे, मागून येणारे अवजड ट्रक आहेत आणि डोक्यावर कधीही सुटणारी दरड आहे. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ द्रुतगती मार्गावर दरड कोसळून माणसे दगावली. जुलै २०२३ मध्ये याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी डोंगराखाली गाडली गेली. तेव्हा ही भीती कल्पनेतली म्हणता येत नाही.

निर्णय कोणी घ्यायचा?

‘ज्याला भीती वाटते त्याने थांबावे, इतरांना का अडवता?’ असा प्रश्न विचारला जातो. वरवर तो बिनतोड वाटतो. वस्तुतः खरी मेख येथेच आहे. शर्यतीत एकटा स्पर्धक थांबू शकत नाही. तो थांबला आणि प्रतिस्पर्धी पुढे गेला, तर वर्षभराची मेहनत वाया जाते. प्रतिस्पर्ध्याच्या मनातही हाच विचार असतो. परिणामी ज्या उतारावर जावे असे मनातून कोणालाच वाटत नाही, त्या उतारावर सगळेच झेपावतात. ही कोंडी स्पर्धकाला फोडता येत नाही. सर्वांना सारखा लागू होणारा नियमच ती फोडू शकतो.

हे ओळखून आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने २०१६ पासून प्रतिकूल हवामानासाठी एक कार्यपद्धती लागू केली. गोठवणारा पाऊस, रस्त्यावर साचलेला बर्फ, सोसाट्याचा वारा, तापमानाचे टोक, अपुरी दृश्यता, हवेचे प्रदूषण यांपैकी काही संभवत असेल, तर आयोजक, पंच, शर्यतीचे डॉक्टर आणि खेळाडू व संघ यांचे प्रतिनिधी एकत्र बसतात. प्रारंभाची वेळ वा जागा बदलणे, मार्ग वळविणे, काही अंतर स्पर्धेतून वगळणे किंवा टप्पा रद्द करणे, असे पर्याय त्यांच्यापुढे असतात.

या व्यवस्थेचा गैरवापर होत नाही असे नाही, आणि टीकाकारांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचेही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘जिरो’तील अडीचशे किलोमीटरहून लांब असा एक टप्पा खेळाडूंनी ऐन प्रारंभाच्या वेळी अडून बसून निम्म्यावर आणायला लावला. तो डोंगराळ नव्हता, सपाटीचा होता, आणि कारण होते पाऊस व थकवा. मे २०२३ मध्ये त्याच शर्यतीत १९९ किलोमीटरचा टप्पा सुमारे ७५ किलोमीटरवर आला आणि प्रत्यक्षात हवा अपेक्षेइतकी वाईट निघाली नाही. ज्या गावकऱ्यांनी महिनोन् महिने तयारी केली, जे प्रेक्षक रस्त्याच्या कडेला ताटकळत उभे राहिले, त्यांचा हिरमोड झाला. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. तथापि त्यातून निघणारा निष्कर्ष ‘टप्पे कधीच तोडू नयेत’ असा होत नाही. तो निर्णय आधी, उघडपणे आणि ठरलेल्या निकषांवर व्हावा, एवढाच होतो. ऐन वेळची अडवणूक ही माघारीच्या शास्त्रात बसत नाही.

आपल्या परंपरेचे सांगणे

सायकल शर्यत पाश्चात्त्यांची असेल, पण हा विचार आपल्याला परका नाही. अंधेरीच्या पश्चिमेला वेसावा, पलीकडे मढ, मनोरी, गोराई हे कोळीवाडे आहेत. समुद्राशी ज्यांचे पिढ्यान् पिढ्यांचे नाते, त्यांच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे धाडस कोण करील? पण भर पावसाळ्यात त्यांच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा होते आणि मगच दर्याला साद घातली जाते. आज शासनाचीही १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी आहे. यातील मर्म असे की, रोज सकाळी प्रत्येक नाखव्याने आपापली हिंमत सिद्ध करायची नसते. थांबायचे ते सर्वांनी. त्यामुळे थांबणाऱ्याला कोणी भित्रा म्हणत नाही.

परिव्राजक संन्यासी चातुर्मासात एका ठिकाणी मुक्काम करतात. मराठ्यांच्या फौजा पावसाळा छावणीत काढीत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करीत. यावर कोणी म्हणेल की, जुलै १६६० मध्ये शिवछत्रपती पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले ते भर पावसातच ना? निघाले खरे. पण तेथे वेढा पडलेला होता, स्वराज्याचा प्राण पणाला लागला होता. बाजीप्रभूंनी देह ठेवला तो त्या कार्यासाठी. कार्यासाठी पत्करलेला धोका वेगळा आणि चारचौघांत मान मिरविण्यासाठी पत्करलेला धोका वेगळा. पहिल्याचे नाव घेऊन दुसऱ्याचे समर्थन करणे हा त्या हौतात्म्याचा मान नव्हे.

श्रद्धेच्या क्षेत्रातही हेच दिसते. ऑगस्ट १९९६ मध्ये अमरनाथच्या वाटेवर अवकाळी हिमवर्षावाने दोनशेहून अधिक यात्रेकरूंचा बळी घेतला. त्यानंतर नितीश सेनगुप्ता समिती नेमली गेली आणि यात्रेकरूंच्या संख्येला मर्यादा व शिस्त आली. २०२५ मध्ये अतिवृष्टीने मार्ग खराब झाल्यामुळे यात्रा नियोजित दिवसाच्या सुमारे आठवडाभर आधी, ३ ऑगस्टलाच आटोपती घेण्यात आली. त्यामुळे कोणाची श्रद्धा उणावली नाही.

आणि २६ जुलै ही तारीख उपनगरवासीयांना वेगळी सांगायला नको. २००५ मध्ये त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ‘थांबा’ असे वेळेवर कोणी सांगितले नाही. प्रत्येक जण आपापल्या जबाबदारीवर निघाला आणि कित्येक जण घरी पोहोचलेच नाहीत. मीही अंधेरीहून मुलुंडला चालत निघालो होतो. साकीनाक्याच्या अलीकडे पाणी छातीला लागले तेव्हा मागे फिरलो आणि एका अनोळखी कुटुंबाच्या घरी रात्र काढली. त्या माघारीबद्दल मला कोणी हसले नव्हते. मग मी पुतण्याला का हसलो?

थोडे कर्तव्याचे

आपल्याकडची नामांकित मुंबई-पुणे सायकल शर्यत आणि तिच्यातील ‘घाटाचा राजा’ हा किताब मराठी माणसाला परिचित आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय शर्यतही झाली. अशा शर्यतींना आयोजक असतात, पंच असतात, रुग्णवाहिका असते. मात्र रविवारी पहाटे मुलुंड, बोरिवली, घाटकोपरहून येऊर, माळशेज, कसारा वा बोरघाटाकडे निघणाऱ्या आपल्या मुलांना पंच कोण?

तो त्यांनी आपल्यातूनच नेमावा. निघण्यापूर्वी तिघांचा निर्णय व्हावा : कोणत्या ठिकाणाहून मागे फिरायचे, किती वाजता फिरायचे आणि कोणाचा शब्द अखेरचा मानायचा. हे घरून निघताना ठरले असेल, तर घाटाच्या पायथ्याशी कोणाच्या हिमतीची परीक्षा होत नाही. आणि आपण वडीलधाऱ्यांनी एकच पथ्य पाळावे. मागे फिरून आलेल्यांना हसू नये. आज आपण ज्याला हसतो, तो पुढच्या खेपेस केवळ आपल्या हसण्याला भिऊन घाट चढतो. त्या उतारावर जे घडेल त्यात आपलाही वाटा असतो.

पुतण्याजवळ मी चूक कबूल केली. त्याने ती फारशी मनावर घेतली नव्हती. दिवाळीनंतर, रस्ता कोरडा असताना, तीच मंडळी पुन्हा निघाली आणि घाटातील शिंग्रोबाच्या देवळापाशी नमस्कार करून लोणावळ्याला पोहोचली. घाट होता तेथेच होता.