तीस हजारांचे रीळ

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका वर्गमित्राने मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी निरुत्तर झालो. पदवी हाती पडताच त्याला पुण्याला नोकरी लागली होती. चार महिन्यांच्या पगारातून त्याने पोटाला चिमटा घेऊन तीस हजार रुपये बाजूला टाकले होते आणि त्या पैशांत त्याला मासे धरायचे एक उंची रीळ घ्यायचे होते. ‘तू गळ टाकतोस, तूच सांग. घेऊ का?’ असे तो म्हणाला. मी ‘विचार करून सांगतो’ एवढेच बोलून वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख म्हणजे त्याला द्यायचे राहून गेलेले उत्तर होय.

तीस हजार म्हणजे आपल्या मराठवाड्यात थोडी रक्कम नव्हे. आपल्यातील अनेकांच्या घरी एवढ्या पैशांत बी-बियाणे, खत आणि एका भावंडाचे वर्षाचे शिक्षण बसवावे लागते. तेव्हा कोणी म्हणेल, मुळात हा छंदच उपरा, साहेबी. गोदाकाठच्या पोरांना तो हवा कशाला? या आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर आहे. लातूर जिल्ह्याची हद्द ओलांडली की बिदर जिल्ह्यात बसवकल्याण लागते. तेच चालुक्यांचे कल्याणी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, या त्यातील उल्लेखामुळे मराठीचे विद्यार्थी त्याला ओळखतात. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांचे खाणे, काठी, दोरा, गळ, आमिष या साऱ्यांचा राजाने त्यात रसिकतेने विचार केला आहे. इंग्रज ज्याला या छंदाचा आद्य ग्रंथकार मानून डोक्यावर घेतात त्या आयझॅक वॉल्टनचे पुस्तक १६५३ सालचे, म्हणजे पाचशे वर्षांनी मागाहूनचे. छंद उपरा नाही. उपरे आहे ते रीळ.

त्या रिळाची कुळकथाही मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील केंटकी प्रांतात जॉर्ज स्नायडर नावाचा एक घड्याळजी होता. मूठ एकदा फिरवली की दोऱ्याचे चाक अनेकदा फिरावे, अशी दातेरी चाकांची योजना त्याने केली. पुढे स्वीडनमध्ये १९२१ साली घड्याळांचा म्हणून निघालेला आबूचा कारखाना टॅक्सीचे मीटर करता करता रिळांकडे वळला आणि १९५० नंतरच्या दशकात त्याचे ‘अँबॅसडर’ रीळ जगभर गेले. जपानची शिमानो कंपनीही त्याच १९२१ सालची, तिची सुरुवात सायकलच्या फ्रीव्हीलपासून. या कंपनीच्या एका नामांकित रिळाचे नाव चक्क ‘कलकत्ता’ आहे! सांगायचे ते एवढेच की, ही वस्तू घड्याळजी आणि सायकलवाल्यांच्या घराण्यातली आहे. तिच्यात जादू नाही, कारागिरी आहे. आणि कारागिरीची परीक्षा करता येते.

मित्राला हवे होते ते रीळ बेटकास्टिंग जातीचे. ते काठीच्या वरच्या अंगाला बसते. आमिष भिरकावले की त्याच्या ओढीने दोऱ्याचे चाक गरगर फिरू लागते. विहिरीवरचा रहाट ज्यांनी ओढला आहे त्यांना याचे मर्म लगेच कळेल. बादली पाण्याला टेकली तरी रहाट फिरतच राहतो आणि दोर सैल होऊन चाकावरून घसरतो. तसेच येथे होते. आमिषाचा वेग हवेत मंदावतो, चाकाचा मंदावत नाही, आणि क्षणार्धात तंगुसाचा असा गुंता होतो की सोडवता सोडवता सूर्य मावळावा. रहाटावर आपण तळहात टेकवतो, येथे चाकावर अंगठा टेकवायचा असतो. अंगठ्याच्या मदतीला लोहचुंबकाचे किंवा लहान ठोकळ्यांचे ब्रेक असतात. अलीकडे काही भारी रिळांत संगणकी ब्रेकही आला आहे. द्रोणाचार्यांनी एकलव्याचा अंगठा मागितला होता. हे नवे गुरुजीही गोड बोलून तीच दक्षिणा मागतात. ब्रेक चांगला असावा, पण अंगठा शिकलाच पाहिजे, आणि तो शिकवणारे रीळ आठ-दहा हजारांतही मिळते.

अमेरिकेत ही रिळे बास नावाच्या माशासाठी वाढली. बास आपल्या गोदावरीत नाही. परंतु नात्याने नव्हे तरी स्वभावाने त्याची बहीण शोभावी अशी मरळ आपल्याकडे आहे. तीही शेवाळात, जलपर्णीच्या सावलीत दबा धरून बसते. बेडूक किंवा लहान मासा जवळ आला की झडप घालते. विष्णुपुरीच्या फुगवट्याच्या कडेला किंवा एखाद्या पाझर तलावात रबराचा बेडूक वेलींवरून ओढत न्यायचा, तर तंगूस जाड हवे आणि मरळ अडकताच तिला गुंत्याबाहेर खेचणारे बळकट रीळ हवे. त्यामुळे मित्राने जात निवडली ती बरोबरच होती. प्रश्न उरला किमतीचा.

पैसा कशाला द्यावा आणि कशाला देऊ नये, हे मी माझ्यापुरते ठरवले आहे. पेटीवर बेअरिंगचा आकडा मोठा छापलेला असतो. त्याला भुलू नये. चार चांगली बेअरिंग दहा सुमार बेअरिंगांहून बरी. खाऱ्या पाण्यापासून संरक्षणासाठी जास्तीचे पैसे घेतात. आपला वैरी समुद्राचे मीठ नसून गाळ, धूळ आणि मे महिन्याचे ऊन आहे. मूठ एकदा फिरवली की चाक किती वेळा फिरते हा आकडा पाचापासून आठाच्याही वर जातो. सर्व तऱ्हेच्या कामाला सहा-सातच्या दरम्यानचा पुरतो. सांगाडा धातूचा असावा, कारण जोर पडला की हलक्या प्लॅस्टिकचा सांगाडा वाकतो आणि दाते नीट बसत नाहीत. ते उघडता, पुसता, तेल देता यावे. सुटे भाग मिळावेत. गावातल्या घड्याळजीसमोर ठेवले असता त्याला ज्याचे कोडे उलगडेल ते रीळ चांगले. आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे ड्रॅग. माशाने ठरावीक जोरापेक्षा अधिक ओढ घेतली की आतल्या चकत्या घसरतात आणि दोरा हळूहळू सुटतो. त्यामुळे तंगूस तुटत नाही. हा ड्रॅग गुळगुळीत सुटला पाहिजे, अडखळता कामा नये. येथे काटकसर करू नये, असे मी जे ठासून सांगतो त्याला कारण आहे.

चार वर्षांपूर्वी मी बाराशे रुपयांचे रीळ घेतले. श्रावणातली सकाळ होती. एका तलावाच्या काठी जलपर्णीच्या फटीत मी रबरी बेडूक टाकला आणि पाणी फुटल्यासारखा आवाज झाला. मरळ मोठी होती. तिने ओढ घेतली, ड्रॅग गच्च अडकला आणि तंगूस तुटले. ती गेली, तोंडात गळ आणि हातभर तंगूस घेऊन गेली. मी हळहळत उभा होतो. तेवढ्यात त्याच जागी पाण्यावर बारीक बुडबुडे येऊ लागले आणि तांबूस-नारिंगी पिलांचा एक घोळका वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला. काठावर जाळे झटकत असलेले भोई मामा जवळ आले. म्हणाले, ‘बाळा, पावसात मरळ पिलापाशी आसती. ती भुकंनं न्हाई धरत गळ, रागानं धरती. आता ह्या पिलाला कोण राखंल?’ मग माझ्या हातातल्या रिळाकडे पाहून त्यांनी विचारले, ‘हे यंत्र केवढ्याचं?’ मला आकडा सांगवेना.

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी की, स्वस्त रिळाची उरलेली किंमत मासा भरतो. आपण आठशे-हजार वाचवतो आणि मासा तोंडात लोखंड घेऊन जातो; तुटलेले तंगूस वर्षानुवर्षे पाण्यात राहते, त्यात कासव आणि पाणपक्षी अडकतात. दुसरी गोष्ट याहून कठीण. तीस हजारांचे रीळ असते तर तंगूस तुटले नसते हे खरे, पण मी त्या आईला पिलांपासून ओढून काठावर तर आणलेच असते. तो दोष रिळाचा नव्हता. कोणत्या महिन्यात कोठे गळ टाकू नये, हे ज्ञान कोणत्याही पेटीत येत नाही. मामांकडे ते होते आणि त्यांच्याकडे रीळ नव्हते.

आपण हेही विसरू नये की मामांसाठी ते पाणी म्हणजे भाकरी आहे. धरणे-तलाव मत्स्य सोसायट्या ठेक्याने घेतात, त्यांत बोटुकली सोडतात आणि पावसाची वाट पाहतात. २०१६ साली आपण काय पाहिले? मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिलला लातूरच्या स्थानकात मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली, सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. शहराला निदान गाडीने पाणी आले. मरळीला कोणी गाडी पाठवली नाही. ज्या प्रदेशात जलाशयाच्याच तळाला भेगा पडतात, तेथे छंद करणाऱ्याने आपल्या उपकरणाइतकीच पाण्याचीही काळजी वाहिली पाहिजे. सोसायटीला विचारल्याविना गळ टाकणे ही मला तरी चोरीच वाटते, मग हातातले रीळ जपानचे असो की जत्रेतले.

याचा अर्थ चांगली वस्तू घेऊच नये असा नाही. चांगला तबला घेणाऱ्याला आपण उधळ्या म्हणत नाही. हाताला हत्याराची पारख झाली की उंची हत्याराचे सुख वेगळेच असते आणि ते भोगण्याचा अधिकार गरिबाच्या पोरालाही आहे. पण पारख आधी, हत्यार मागाहून. वर्षातून चार वेळा गावी येणाऱ्या माझ्या मित्राच्या हाताला ती पारख अजून यायची आहे.

म्हणून मित्रा, माझे उत्तर असे. बाराशेचे घेऊ नकोस, तीस हजारांचेही घेऊ नकोस. आठ-दहा हजारांत धातूच्या सांगाड्याचे, गुळगुळीत ड्रॅगचे, उघडून पुसता येईल असे एकच रीळ घे. जाड तंगूस घे, गळ काढायची पक्कड घे, आणि गळाचा उलटा काटा त्याच पकडीने दाबून टाक, म्हणजे सोडायचा मासा धड सुटेल. उरलेले वीस हजार बँकेत ठेव. पावसाळ्यात मरळीच्या वाटेला जाऊ नकोस. हिवाळ्यात ये. आपण सोसायटीच्या अध्यक्षांना भेटू, मामांना सोबत घेऊ आणि पहिले दोन दिवस गळ न टाकता नुसते काठाने हिंडू. पाणी पाहून झाल्यावर तुला पुन्हा वाटले, की तीस हजारांचेच हवे, तर मी तुझ्याबरोबर दुकानात येईन आणि हरकत घेणार नाही.